कडूवरचं गोड

बाबा,

आईला पुन्हा घेरी आली, साखर पार वर गेलीय. तिला घेऊन दवाखान्यात जातेय, तुमची वाट बघत बसायला वेळ नव्हता. सोयाबीनचं तेम्पे तळून ठेवलंय, जेवून मगच या. येताना तिची शाल आणा, आणि त्या गोळ्याही आणा, ज्या तुम्ही कपाटावर टाकून दिल्यात.

साखरेवर देतात त्या ब्रोतोवाली वेलीच्या कडू काढ्यावर आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, 'माझी वेनिंगच तपासतेय, औषध खरं आहे.' अहो, अजून उंदरांवरच चाललंय सगळं! काढा द्यायचा तर द्या, पण गोळ्या बंद करू नका, हे किती वेळा सांगितलं! ऐकाल तर शपथ.

आणि आज जडीबुटीचं जामू विकणाऱ्या सुमिनाहमावशींनी सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारला मी. म्हणे, तुम्ही काढ्यावर रोज आईला तांदळाचं गोड जामू पाजता, तेही जास्तीचा माडाचा गूळ घालून. का, तर 'तोंड कडू होतं बिचारीचं!'

आमच्या उंदरांना कडू पाजल्यावर कुणी गोड देत नाही, बाबा. त्यांच्यावर कुणाचा एवढा जीव नसतो.

वेनिंग