लिफिदीच्या गाठी

प्रिय लराबा,

तुझा निरोप पोचला. तंकोला अमिराच्या लिफिदीवाल्यांत, कापसाचं चिलखत घालणाऱ्या स्वारांत घेतलं, हे वाचून इथे शेजारपाजारच्या बायकांनी गलका केला आणि मला सकाळपासून तीनदा आनंदाची कोलाची बी चघळावी लागली. सहा बहिणींच्या पाठीवर झालेला, लाडाने वाया गेलेला पोरगा म्हणून मी त्याला नावं ठेवायचो. आता जावईबापूंना ती परत घेतली म्हणून सांग. नेहमी मल्लम गुरुजींकडून लिहून घेतो, आज मात्र स्वतः लिहितोय. पाटीवर गिरवलेली अक्षरं या वयात वाकडी येतात, सांभाळून घे. आणि हे तू एकटीनेच वाच.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. घोड्याच्या गोधडीत सावरीचा कापूस भर, नुसत्या चिंध्या कोंबू नकोस. चिंध्या घाम पितात आणि दुपारपर्यंत घोडं गुडघ्यावर येतं. छातीवर आणि मानेवर जाड, पोटाखाली पातळ. टाके तिरके घाल, म्हणजे बाण अडकतो, आत घुसत नाही. स्वाराच्या अंगरख्याला खांद्यावर जास्त भर दे, कारण वरून लोखंडी कड्यांचा सदरा येतो आणि तो खांदे सोलून काढतो. तुझ्या आईने माझी लिफिदी शिवली तेव्हा अंगणात कापसाचा एवढा ढीग होता की तुझी शेळी त्यात हरवली होती. तू रडून गोंधळ घातला होतास. आठवतं का?

पहिल्यांदा ती चढवली तेव्हा मला घोड्यावर बसवायला चार माणसं लागली. वर बसलो आणि पाठीला खाज सुटली. बाई गं, लढाईत काय होईल ते होवो, पण त्या खाजेइतका हतबल मी कधी झालो नाही. शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंना झडपा, त्यामुळे घोड्याच्या कानांमधून दिसेल तेवढंच जग. मान वळवता येत नाही. हलके घोडेस्वार दौडत जातात, मारतात, परत येतात. आम्ही मात्र अमिराच्या छत्राभोवती भिंतीसारखे उभे. लोकांना वाटतं लिफिदीवाला म्हणजे पुढे मुसंडी मारणारा. खरं काम उभं राहण्याचं असतं.

आमचा नाईक दोगो सगळ्यांच्या गाठी स्वतः तपासायचा. प्रत्येक गाठ पाठीवर, स्वतःचा हात पोचणार नाही अशी. मोतद्दाराने बांधायची, मोतद्दारानेच सोडायची. दोगो म्हणायचा, "स्वतःच्या हाताला लागेल अशी गाठ ज्याने ठेवली, त्याने घरी जायचं आधीच ठरवलंय." तो वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या गाठी तो सगळ्यांत घट्ट आवळून घ्यायचा.

तर त्या पहिल्या दिवशी पाठ खाजवता येईना, तेव्हा निदान काख तरी खाजवावी म्हणून मी हात आत घातला. डाव्या काखेत, ढालीचा हात जिथे झाकला जातो तिथे, शिवणीतून एक टोक बाहेर आलेलं हाताला लागलं. दोरीचं टोक. ती बाजू टाक्यांनी शिवलेलीच नव्हती. एकच दोरी खालपासून वर ओवली होती, आणि टोक ओढलं की अख्खी बाजू उघडली असती. दोरी निळीच्या कापडाची होती, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याची. मी टोक परत आत सारलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "कुठे काचतंय का?" मी म्हटलं, "नाही, झकास बसलीय." सांगितलं असतं तर मला रागवावं लागलं असतं, आणि मला रागवायचं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं ती लिफिदी मी घातली. दोरी कधी ओढली नाही. पण उभं राहताना ती तिथे आहे हे माहीत असायचं, आणि खरं सांगतो, त्यामुळेच मी जास्त निवांत उभा राहायचो.

नदीकाठच्या लढाईचं तू ऐकलं आहेस. गावात सांगतात तेवढंच ऐकलं आहेस. आमचे हलके स्वार फुटले, नदीपलीकडचे लोक चालून आले, आणि आम्ही छत्राभोवती उभे राहिलो. माझ्या घोड्याच्या मानेत भाला घुसला आणि घोडं गर्रकन मागे फिरलं. म्हणून मला मागचं दिसलं. छत्र उभं होतं. छत्र धरणारा म्हातारा त्याचा दांडा पोटाशी धरून रडत होता. छत्राखाली कुणी नव्हतं. अमीर हलक्या घोड्यावरून केव्हाच निघून गेला होता आणि आम्ही सावलीची राखण करत होतो.

मी दोरी ओढली. लिफिदी टाकून नुसत्या बंडीवर खाली उतरलो आणि शेजारी उभ्या शेकराऊच्या घोड्यावर मागून चढून त्याच्या गाठी कापू लागलो. तो ओरडला, "गांबो, गाढवा, बांध परत! लोक बघतायत." मी त्याचं घोडं फिरवून त्याला छत्र दाखवलं. मग त्याने दुसऱ्याच्या कापल्या. असे आम्ही चौघं सुटलो. शेवटी मी दोगोकडे गेलो. त्याचंही घोडं फिरवलं. त्याने छत्राकडे नीट पाहिलं, लगाम ओढून घोडं परत पुढे वळवलं आणि म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही. तू जा." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, गाठी बोटांखाली होत्या. मी गेलो. तो तिथेच राहिला. आजही त्याचा मान मनात आहे आणि रागही आहे, दोन्हीतलं कुठलंच कमी होत नाही.

घरी येऊन मी सांगितलं की उंदरांनी गाठी कुरतडल्या होत्या. सगळ्या गावाने मानलं. तुझ्या आईने बाजरीच्या गोळ्यांचा फुरा आणि आंबट दूध पुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "भलं होवो उंदरांचं." मग चुलीकडे तोंड करून लाकडं आत सारू लागली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. निदान हात धरायला हवा होता.

आता लोक म्हणतात, दक्षिणेकडून गोऱ्यांची माणसं बंदुका घेऊन निघाली आहेत. सावरीचा कापूस बाण अडवतो, गोळी नाही. तुमचा अमीर चांगला असेल. आमचाही चांगलाच होता. या कोला-व्यापाऱ्याबरोबर कापसाचं गाठोडं पाठवतोय. त्याच्या पोटात हात घाल, निळी दोरी मिळेल. लिफिदी नदीकाठीच राहिली, दोरी मी जपून ठेवली होती. डाव्या काखेत, खालून वर ओव, टोक बोटाच्या पेराएवढंच बाहेर ठेव. तंकोला सांगू नकोस. त्याला पहिल्याच दिवशी खाज सुटेल आणि ते सापडेल. घरी आल्यावर तो काही बोलला नाही, तर तूही विचारू नकोस, नुसतं जेवायला वाढ. त्याच्या मानाचं मला कौतुक आहे, पोरी, पण मला जावई परत हवा आहे. आणि कधी नाईकाने विचारलंच, तर आपल्या घरी उंदीर फार आहेत म्हणून सांग.

तुझाच, उंदरांचा ऋणी,
बाबा