पलंगासमोरची भिंत

१२ मार्च
ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

हिला आता खाली बागेत नेता येत नाही. औषधं यापुढे दुखणं कमी करण्यापुरतीच, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हिला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी आपणहून म्हणाली, की पलंगासमोरच्या भिंतीला झाडांचा वॉलपेपर लावू, बाकीच्या तिन्ही पांढऱ्याच राहू देत, म्हाताऱ्या घराला फार नटवू नये. हिरव्या वेली आणि मधूनमधून चिमण्या, असा नमुना तिनेच निवडला. पण घर शंभरीपलीकडचं, चुन्याच्या गिलाव्यात ओल. सुकण्याआधी कागद लावला तर फुगेल आणि काढताना गिलावाही घेऊन येईल, असं कारागीर म्हणतो. पंखा लावून भिंत वाळवतो आहे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू जन्माचा नियमवाला. अरे, भिंत थांबेल, माणूस थांबत नाही. कागद फळीवर चिकटवून ती भिंतीला टेकवून ठेव. तिला सांग, नणंद भांडायला येते आहे, अंगात जोर आणून ठेव. गुडघ्यांची परवानगी मिळाली की निघते.

दोन घास वेळेवर खात जा, एवढं माझ्यासाठी कर.
तुझी ताई

४ मे
ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तू परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तू इथे होतीस तेव्हा जे तोंडातून निघालं नाही, ते लिहितो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी फळीवर एक पट्टा लावून उभा केला. ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, की चिमण्या फार गुबगुबीत आहेत, यांना उडता येणार नाही. आणि हसली. मी चहा करायला खाली गेलो. वर आलो तेव्हा ती गेलेली होती.

परवा कारागीर आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. भिंत वाळली, असं खुशीत सांगत होता. मला नको म्हणवेना. सगळी भिंत लावून घेतली. सुरेख झाली आहे. फक्त खिडकीजवळच्या जोडात एका वेलीचं देठ जुळलेलं नाही. ते दिसलं आणि हिला दाखवायला मी पलंगाकडे वळलो.

गुडघे ऐकत असतील तर ये. नसतील तरी ये.
धाकटा