वॉचमनला सोडलं का?

बेडसे, ता. मावळ
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय विक्कीदादा,

जयभीम. तुझा पत्ता हौशीरामकाकांच्या जावयाकडून मिळाला. तू त्याला होसूरला कारखान्याच्या गेटवर दिसलास म्हणे. फोन नंबर तू बदललास, म्हणून कागदावर लिहिते आहे. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण वावरात जायची थांबत नाही. मी कामशेतला एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. हरभरा यंदा बरा आहे.

विशेष असं काही नाही. आमच्याकडे महिनाभर एक मालिका चालू होती, तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं. तूही पाहिली असशील, सगळेच पाहत होते. एक माणूस धरणाच्या आसपास एकामागून एक बायका मारतो आणि एक इन्स्पेक्टर त्याच्या मागावर असतो. मी आईला सांगितलं, याला सीरियल किलर म्हणतात. ती म्हणाली, "व्हय, सीरियलीतच मारतोय न्हवं." मी पुढे काही समजावलं नाही.

मला मालिका तशी ठीक वाटली. खुनी फार देखणा घेतलाय. दवाखान्यातल्या मुली त्याच्यावरच बोलायच्या, मेलेल्या बायकांची नावं कुणाच्या लक्षात नव्हती. इन्स्पेक्टर सारखा खिडकीबाहेर बघत उभा राहतो.

तिसऱ्या भागात एक वॉचमन येतो. धरणाजवळच्या बंगल्यावर कामाला असतो. त्याला झाडीत प्रेत दिसतं, तो स्वतः पोलिसांना कळवतो, आणि पोलीस त्यालाच उचलतात. ते सुरू झाल्यावर आई उठून ओट्यावर गेली. मला वाटलं, आबा टीव्ही बंद कर म्हणतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

दादा, त्या पावसाळ्याबद्दल आपल्या घरात कुणी कधी बोललं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. आबा भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या बंगल्यावर वॉचमन होते. त्यांना ती बाई ओढ्यात दिसली, त्यांनीच चौकीवर जाऊन सांगितलं. तिचा खून ज्या रात्री झाला, त्या रात्री आबा बंगल्यावर नव्हतेच. आईला ताप होता म्हणून मालकाला न विचारता घरी आले होते. आईने तसं सांगितलं, तर पोलीस म्हणाले, बायको दुसरं काय सांगणार. पेपरात आबांचा फोटो आला. पुढे खरा माणूस, एक बाहेरगावचा ड्रायव्हर, भलतीकडेच सापडला आणि आबांना सोडलं. ते कुठल्याच पेपरात आलं नाही. माझ्या वर्गातल्या पोरी मला डबा खाताना जवळ बसू द्यायच्या नाहीत. तुझ्या कॉलेजात काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. बारावी झाली आणि तू गेलास.

चौथ्या भागाबद्दल लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच.

त्या भागात पोलीस वॉचमनच्या घरी येतात. बायको सांगते, हे घरी होते. ते तिचं ऐकत नाहीत. मग मुलाला बाजूला घेऊन विचारतात, तुझा बाप त्या रात्री घरी होता का? मुलगा खाली बघतो आणि म्हणतो, "मला माहीत नाही."

मी आबांकडे पाहिलं नाही. आई त्याही दिवशी ओट्यावरच होती. आबाच म्हणाले, "पोरगं भ्यालं. पोलिसापुढं मोठी मोठी माणसं भित्यात, ते तर लेकरू हाय."

त्यानंतर वॉचमन पुन्हा दिसलाच नाही. कथा दुसऱ्या संशयिताकडे गेली. आबा रोज विचारायचे, "त्याला सोडला का?" मी म्हणायचे, पुढच्या भागात दाखवतील. शेवटच्या भागात खुनी पकडला, इन्स्पेक्टरला पदक मिळालं. आबा म्हणाले, "वॉचमन ऱ्हायला की आतच."

गेल्या रविवारी ते दाढी करायला सोपानच्या दुकानात गेले होते. तिथे पोरं मालिकेवर बोलत होती. एक म्हणाला, तो वॉचमन सामील असणारच, आपल्याकडेही तसलाच एक होता म्हणतात. आबांच्या अर्ध्या गालाला साबण होता. ते म्हणाले, "तो मीच. आनि मी त्या राती घरी व्हतो." मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सोपान वस्तरा हातात धरून ऐकत राहिला. हे मला सोपाननेच येऊन सांगितलं. तो पोरगा आबांच्या पाया पडला. आबांना ते आवडलं नाही. त्यांना वाटत होतं, त्याने फक्त ऐकून घ्यावं.

घरी आल्यावर मला म्हणाले, "विक्कीचा पत्ता काड." आणि तुला काय लिहायचं तेही सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते: "तू सायबाला काय बोल्लास, ते सायबानं मला कोठडीत तवाच सांगितलं व्हतं. मी घरी आलो तवा मला ठावं व्हतं."

मी हे ऐकून बराच वेळ हिशोब लावत बसले. म्हणजे सुटून आल्यावर वर्षभर ते तुला सायकलवर मागे बसवून कामशेत स्टेशनला सोडायचे, ते सगळं ठाऊक असताना. पाऊस असला की स्वतःचं इरलं तुझ्या डोक्यावर द्यायचे, ते ठाऊक असताना. त्यांना कळेल, या भीतीने तू गेलास, असं मला आता वाटतं. कळायचं काही राहिलंच नव्हतं, दादा.

 आई म्हणाली, त्याला लिही, बाप आता सायकल चालवत न्हाई, रिक्षानं ये.

माझा नंबर पाकिटाच्या मागे आहे. आबा दुपारी घरीच असतात.

तू 'माहीत नाही' म्हणालास तरीही,
तुझीच बहीण,
चैताली