मे महिन्यात फुलणाऱ्या झाडांची वाटणी

मी, बेबीनंदा रामकिसन तळेकर, वय बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार भोकरदन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता (आयुष्यभर पडले नाही, आता कशी पडेन) हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी केलेले नाही. सर्व मिळकत माझ्या पगारातली, स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर मुलगा आदिनाथ याला, त्याने अंगणात ओतलेल्या काँक्रीटसह. त्या अंगणात मी बावीस वर्षे पारखून झाडे ठेवली होती. आमच्या मे महिन्यात जे फुलत नाही ते उपटायचे, हा नियम. गुलाब गेला, शेवंती गेली. उरली लाल कण्हेर, बोगनवेल, जास्वंद, पिवळा टिकोमा, सदाफुली. एकदा लावली की वर्षानुवर्षे, भाज्या धुतलेल्या पाण्यावर. आदिनाथने एका मार्चमध्ये संभाजीनगरहून पिटुनियाच्या, म्हणजे थंडीतल्या फुलांच्या, बारा कुंड्या आणल्या. एप्रिलमध्ये वाळल्या. "पाणी कमी पडलं असंल," म्हणाला. शेतकऱ्याच्या नातवाने हे बोलावे.

२. गेल्या मे महिन्यात माझ्या खुब्याचे हाड मोडले. मी अठरा दिवस जालन्याला दवाखान्यात होते, तेवढ्यात त्याने जेसीबी बोलावला. परत आले तर अंगण सपाट. "आई, त्या झाडायचं काय घेऊन बसली? गाडी बराबर बसती आता." गाडी महिन्यातून एकदा येते. मी रडले नाही. त्याच्यासमोर तर नाहीच.

शेजारची दीपमाला, अंगणवाडी सेविका, हिने त्या दिवशी जेसीबीवाल्याला थांबवून फांद्या तोडून घेतल्या, तेलाच्या डब्यांत लावल्या. मला म्हणाली, "काकू, सदाफुली वाचली न्हाई. बाकीच्याला पालवी फुटून राह्यली."

म्हणून जालना रस्त्यावरचा माझा दोन गुंठ्यांचा प्लॉट दीपमालाला. ती म्हणाली, "लोक नावं ठेवतील मला." मी म्हणाले, "ठेवू दे. त्यातल्या एकानंही फांदी उचलली नाही." तिथे फुलेच लावावीत अशी अट नाही. मेथी लावावी, घर बांधावे. तिची पारख मी पाहिली आहे.

३. दीर भागवत म्हणत, विधवेला फुलांचा नाद शोभत नाही. आणि दर चतुर्थीला जास्वंद माझ्याच अंगणातून नेत. त्यांना काही नाही.

४. हे वाचून आदिनाथ म्हणेल, आईचे डोके फिरले होते. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो काढायला आदिनाथनेच मला गाडीतून नेले. कशासाठी, ते त्याने विचारले नाही.

स्थळ : भोकरदन
दिनांक : ९ मे २०२५

सही : बेबीनंदा रा. तळेकर

साक्षीदार, आमच्यादेखत वाचून, समजून सही केली :
१) पुंजाराम सखाराम गाढे
२) उषाबाई भारत साळवे