गच्चीच्या कठड्यातला वड

११ मे २०२५
चढले! गच्चीपर्यंत चढले! मार्चमधल्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मधे दोनदा टेकले, पण कुणाचा हात धरला नाही. सरोजिनी नगरचं आभाळ, डोक्यावरून जाणारी विमानं, शेजारणीच्या लोणच्याच्या बरण्या – सगळं डोळे भरून पाहिलं.

आणि पावसाच्या पाइपाजवळ, कठड्याच्या विटांत काय असावं? वीतभर वड! पाखराची करणी. चार तुकतुकीत पानं, आणि भोवती ओल. म्हणजे कुणीतरी रोज पाणी घालतंय!

शेखरला विचारलं. आभाळाकडे बघत म्हणाला, "हो, आलाय खरा." जन्मभर रेल्वेचे पूल बांधणारा माझा नवरा भिंतीतल्या वडाला पाणी घालतो! म्हटलं, मुळं आत शिरली की कठडा फुटेल, उपटून टाक. बायको वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, तिचं तरी ऐक. तर म्हणे, "उल्के, पावसापर्यंत राहू दे ना."

१४ मे
लू सुटलीय, नुसत्या गरम झळा. दिवसभर पडून.

वाईला आई नदीकाठच्या वडाला सूत गुंडाळायची. त्याचं पानही कुणी तोडत नसे, देवच तो! लग्न होऊन इथे आले तेव्हा शेखर लाइन दुहेरी करण्याच्या कामावर होता. आंबे, जांभळं, वड – रांगेनं आडवे. शेवटचं झाड पडलं त्या संध्याकाळी साहेबांनी पेढे वाटले. झाडं गेली की देश पुढे गेला, असंच तेव्हा सगळे म्हणायचे. मग निलगिरीचे दिवस आले. भराभर वाढते ना! मंत्री येणार, खड्ड्यात रोप ठेवणार, हार घालून घेणार. त्यावर पाखरं बसत नाहीत हे आम्ही वनस्पती-संशोधन संस्थेतली माणसं आपापसात कुजबुजायचो.

आता आमची नात अनुष्का शाळेतून रोप आणते. "आजी, पेड़ के साथ सेल्फी कंपल्सरी है!" रोपाचं पुढे काय झालं विचारलं तर, "वो तो मैम जानें." पण रस्त्यात झाड तोडताना दिसलं की पोरगी जेवत नाही. आमच्या वेळी असं कोण होतं? मला बरं वाटतं.

१९ मे
वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेला. वड बघून म्हणाला, "मैडम, जड़ में तेज़ाब डाल देंगे, दोबारा नहीं निकलेगा." शेखर तडकलाच! "खबरदार! इसको कोई हाथ नहीं लगाएगा!" एवढा शांत माणूस! तो बिचारा ठेकेदार दोन पावलं मागे सरला.

पण काम पावसाआधी व्हायलाच हवं, खालची खोली गळते. महिनाअखेरीस येतो म्हणालाय. तोवर वड निघाला नाही तर मुळात अ‍ॅसिड. शेखर जेवण होताच पुन्हा गच्चीवर. एवढं काय आहे त्या रोपट्यात, कळत नाही.

२६ मे
अमावास्या. इथल्या बायकांची वटसावित्री आज. कॉलनीतल्या वडाच्या खालच्या फांद्या सकाळीच गेल्या. आपली पौर्णिमेला, तोवर झाड बोडकं! दर वर्षीची रड.

मराठी मंडळातल्या मंजिरीचा फोन. "काकू, यंदा फांदी तोडायची नाही असं ठरवलंय आम्ही. कुंडीतला वड मिळेल का कुठे?" मी ही पूजा कधी केली नाही. सात जन्म हाच नवरा? ह्याच जन्मात पुरे दमवलंय! पण म्हटलं, आहे एक, भिंतीत अडकलाय.

२८ मे
शेखरनं कठडा फोडला. स्वतःच्या हातानं! डोक्यावर ओला टॉवेल, हातात छिन्नी. ज्यानं हा कठडा बांधताना गवंड्याच्या मागे उभं राहून भिंत सरळ उठतेय का ते स्वतःचा ओळंबा दोरीनं सोडून पाहिलं होतं, तोच! मी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. "हळू! मूळ आहे ते!" तर म्हणे, "उल्के, पुलाचा गर्डरसुद्धा इतका जपून उचलला नव्हता." खूप हसलो.

मुळाचं टोक तुटलंच. विटेच्या तुकड्यासकट कुंडीत लावला. अशा उन्हात झाड हलवणं हा वेडेपणा. स्पष्ट सांगितलं, फार आशा धरू नकोस. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

३ जून
चारही पानं गळाली. शेखर चहा अर्धा टाकून उठला. म्हटलं, अरे वड आहे तो, शेवंती नव्हे!
माझ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सोमवारी. त्याची मला भीती नाही – छे, आहे. आहेच.

७ जून
कोंब! लालसर, टोकदार. शेखरनं वरून हाक मारली ती अख्ख्या कॉलनीनं ऐकली असेल.

९ जून
रिपोर्ट स्वच्छ! डॉक्टर हसून म्हणाले, "अब आराम से आम खाइए." येताना दसहरी आंबे घेतले. मंजिरीला सांगितलं, उद्या अकराला या, कुंडी तयार आहे.

१० जून
शेखर सकाळी म्हणाला, पोट बिघडलंय, काही नको. त्याच्यासाठी मऊ भात टाकला आणि कुंडीला पाणी घालायला वर गेले. बायका अजून यायच्याच होत्या, पण वडाला आधीच सात वेढे! सूत नव्हतं. त्याच्या ओळंब्याची दोरी. खाली कालचा एक दसहरी.

उतरताना बैठकीतून आवाज आला. फोनवर मंजिरीला विचारत होता, "उपास आजच सोडतात की उद्या?... नाही गं, मीच धरलाय. उल्कासाठी. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी दिसला होता तो मला."

पायरीवरच बसले.

सात जन्म म्हणे. बरं. चालेल.