रेखाताईनं पाहून दिलेली खोली

१० नोव्हें., सोमवार
घाटंजीहून सकाळच्या एसटीनं यवतमाळ. लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात शिवणकामाचं ट्रेनिंग, पंधरा दिवस, मग तिथंच नोकरी. एक खाडा झाला तरी नाव कटते. मावशीची पोरगी रेखाताई इथंच राह्यते. तिच्याकडंच उतरायचं ठरलं होतं. स्टँडवर भेटली अन् म्हणे, "सासऱ्याचं ऑपरेशन झालं वं, घरात जागा नाही. तुह्यासाठी खोली पाह्यली. स्वस्त आहे. मालक काका देवमाणूस."
ऑटोत बसवून दिलं. स्वतः आली नाही.
खोली बरी. आतली कडी ढिली. काकांनी आधार कार्ड ठेवून घेतलं. म्हणे, नियम आहे.

१२ नोव्हें.
आंघोळ करून केस पुसून राह्यली होती. दार ढकलून काका आत. "टाकी पाहाले आलो." टाकी तर गच्चीवर आहे. उभेच राह्यले. मी ओरडली तव्हा गेले.
ताईले फोन केला. "लयच मनावर घेतं तू. बापाच्या वयाचे हायेत ते."
असंन. मलेच शहराची सवय नाही.

१३ नोव्हें.
दाराले खाट लावून आंघोळ.
ट्रेनिंग सुटल्यावर दोन लॉज पाह्यले. "एकट्या बाईले खोली देत नाही." बायकांचं होस्टेल भरलेलं. घरी वापस गेली तर नोकरी गेली.

१४ नोव्हें., शुक्रवार
नळावर शेजारच्या शबानाभाभी भेटल्या. नवरा गाड्यांचा मेकॅनिक. "खोली कोणी दाखवली तुले?"
ताईचं नाव सांगितलं. भाभींनी बादली खाली ठेवली.
"रेखानं? अरे, वो खुद इसी कमरे में थी! लग्नाआधी, कॉलेजात होती तव्हा. याच बुढ्ढ्यापायी आठ दिवसांत पळून आली माह्या घरी. पायात चप्पल नव्हती तिच्या."
मले काही ऐकू येईना मग.
म्हणजे ताईले माहीत होतं. कडीचंबी माहीत असंन. तरी...
भाभी माह्यासोबत काकाच्या दारात. "पोरीचं कार्ड द्या. नाहीतर सारी गल्ली बोलावतो." काकानं कार्ड काढून दिलं. आता भाभींच्या पोरींच्या खोलीत आहो. आतून कडी घट्ट बसते. तीनदा लावून पाह्यली.

१६ नोव्हें., रविवार
फोन करून बोलावलं, तव्हा ताई भाभींच्या घरी आली. भाभींकडं पाह्यलं नाही तिनं.
"काहून धाडलं तिथं?"
"मले वाटलं, आता म्हातारा झाला असंन."
"तुह्या पोरीले, पिंकीले धाडलं असतं?"
रडाले लागली. सासरी माहेरचं माणूस ठेवू देत नाहीत म्हणे, ऑपरेशनबी खोटंच. मग म्हणे, "माह्यं तव्हाचं कोणाले सांगू नको. घरी माहीत नाही कोणाले."
मले तिची कीव आली. रागही गेला नाही. पाणीबी विचारलं नाही तिले मी. लहानपणी माह्या वेण्या हीच घालून देत होती.

१८ नोव्हें.
मशीनवर शिवण वाकडी गेली, मॅडम बोलल्या.
आईचा फोन. "रेखा आहे म्हणून मी निवांत आहो. येत्या रविवारी येतो, तिले साडी घेऊन. तिच्याच घरी भेटू."
मी हो म्हटलं. बाकीचं तोंडापर्यंत आलं होतं. ताईचं झाकू, का आईले खरं...
रविवारले पाच दिवस.