पापा नव्हे, बाबा

मोम्बासा, ३ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
फूमोचा सलाम. वि. वि. आजोबांच्या हातचं काव्य टपालाने मिळालं. तुझी नजर गेली, दर गुरुवारी घरी जमणाऱ्या बायकांपुढे वाचायला कुणी नाही, म्हणून साठी उलटलेल्या भावाला कामाला लावतेस! मी जन्मात गुप्तहेरांच्या कथांपलीकडे काही वाचलेलं नाही. पण 'तुला जमायचं नाही' असं लिहिलंस ना, आता वाचूनच दाखवतो. मदरशात शिकलेली अक्षरं मात्र डोळ्यांपुढे नाचतात. चौथ्याच कडव्यात मुशी मासा घर सोडून जातो नि मुलं रडतात. मुशी घरात आला कुठून? खुलासा व्हावा.
तुझा (कधीमधी) आज्ञाधारक,
फूमो

लामू, १९ फेब्रुवारी

चि. फूमोस,
अनेक आशीर्वाद. नात रुकिया लिहून घेते आहे, हसून तिचा हात हलतोय. अरे गाढवा, आपली स्वाहिली अरबी अक्षरांत लिहायच्या जुन्या पद्धतीत 'प' आणि 'ब'ला एकच अक्षर. तू 'पापा' वाचलंस, म्हणजे स्वाहिलीत मुशी. तिथे 'बाबा' आहे. मेलेल्या बापाचा मासा केलास! आधी अर्थ लावायचा, मग अक्षर वाचायचं.

मला आता उजेड तेवढा कळतो. नजर परत यायची नाही म्हणाले डॉक्टर. रुकियाला ती लिपी येत नाही. आपल्या घरातलं वाचन माझ्यापाशीच संपेल, याची फार भीती वाटते. रमजानाआधी ये. तू ओट्यावर बसून वाच, बायका आतून ऐकतील. बाबा गेले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून तू आला नाहीस.
वाट बघणारी,
ताई

मोम्बासा, २२ मार्च

ती. ताईस,
सलाम. वि. वि. उशिराबद्दल रागावू नकोस. परगावी गेलेला मुलगा घरी पोचतो, तेव्हा बापाला पुरून तीन दिवस झालेले असतात, त्या कडव्यात आठ दिवस अडकलो. अक्षरं सगळी लागत होती.

बाबा गेल्याची तार मिळाल्यावर बोट चुकली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. बोट चुकली नव्हती. गोदीत मुकादमी मिळायची होती, हातातलं जहाज उतरवायचं काम सोडवलं नाही. मग कबरीपाशी जायचं तोंड उरलं नाही, तसाच परत फिरलो. ताई, मला लाज वाटते.

काव्य पुरं वाचलं. ७ एप्रिलच्या गुरुवारी येतो. चुकलो तर चारचौघींत टोकू नकोस.
माया कमी करू नकोस.
फूमो

लामू, ११ एप्रिल

चि. फूमोस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचल्याचं कळलं. बायका म्हणतात, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा, पण शब्द स्वच्छ. ईदनंतर पुन्हा कधी, म्हणून विचारतात.

त्या कडव्याला तू थांबलास, तेव्हा आतून मी पुढच्या ओळी म्हटल्या. तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. ते सगळं काव्य मला चाळीस वर्षं पाठ आहे. गुरुवार तुझ्यावाचून अडला नसता. माझ्यामागे ते जाईल ही भीती खरी, पण ते कडवं मी तुला ऐकवलं असतं, तर तू उठून गेला असतास. तुझं तूच वाचायला हवं होतंस.

शुक्रवारी पहाटे तू हळूच कडी काढून कबरस्तानाकडे गेलास. परत आल्यावर अंगणात कितीतरी वेळ तोंड धूत होतास. मी जागी होते रे. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.
तुझी,
ताई